आधी पोचणारा उजेड

४ मार्च

दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नाही, म्हणून ही वही. प्रयोगशाळेत मी आणि लेझर चालवणारा माझा सहकारी, असे दोघंच. त्याची दिवसाची वाक्यं ठरलेली: "चालू करू?", "बंद करू?" आणि "जेवायचं?" मी मनातल्या मनात त्याला गप्पू म्हणते. कामाला माणूस सोन्यासारखा, पण बिनखिडकीच्या खोलीत त्याच्याबरोबर बसायचं म्हणजे कपाटाशी संसार केल्यासारखं आहे.

या गावात येऊन आम्हाला एक हिवाळा झाला. आम्ही म्हणजे मी आणि मासा. मासा हा माझा नवरा. लहान पोरांना पोहायला शिकवतो. म्हणजे शिकवायचा, तिकडे, जुन्या गावी. मला इथली जागा मिळाली तेव्हा तो आपला तलाव सोडून माझ्यामागे आला. इथल्या तलावावर त्यांचे त्यांचे शिक्षक आहेत, त्यांना नवा माणूस नको आहे. त्यामुळे सध्या मासा घरी असतो, स्वयंपाक करतो, खिडकीत बसतो. मजेत आहे.

काल जेवताना म्हणाला, "तिकडच्या मॅनेजरचा फोन आला होता. उन्हाळी वर्ग सुरू होतायत. येणार का विचारत होता. महिनाअखेरपर्यंत कळव म्हणाला."

हा जाणार की काय! पण आपण कशाला दाखवा? म्हटलं, "मग काय ठरवलंयस?"

भाजी वाढून घेत म्हणाला, "तुझा उजेड तर दिसू दे, मग बघू."

हुश्श. म्हणजे उजेड मिळाला की हा थांबणार. योगायोग असा की माझीही मुदत तीच आहे. महिनाअखेरीला आमचं चेंबर, म्हणजे आतली सगळी हवा काढून टाकलेली ती लोखंडी टाकी, दुसऱ्या गटाकडे जाणार. काय व्हायचं ते याच महिन्यात. आता मला फक्त कामाला लागायचंय.

७ मार्च

सकाळी माशानं विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय? तुझी आई विचारते तेव्हा मी नुसतं हं हं करतो."

चहा ढवळता ढवळता सांगितलं. म्हटलं, आमच्या लेझरचा झोत इतका आखूड असतो, की निघाला म्हणेपर्यंत संपलेला असतो. पण अणूतल्या इलेक्ट्रॉनची धावपळ टिपायची तर तोही लांबच पडतो. धावत्या पोराचा फोटो पुसट येतो ना, तसं होतं. त्याहून कितीतरी आखूड झळक हवी, अॅटोसेकंदातली, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग. ती प्लाझ्माकडून करून घ्यायची. झोत काचेच्या पट्टीवर एका बारीक ठिपक्यात मारायचा. इतका तीव्र, की तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. मग ती काच राहत नाही, प्लाझ्मा होते, आणि तो प्लाझ्मा क्षणभर आरशासारखा वागतो. झोताच्या धक्क्यानं तो आरसा पुढेमागे हलतो, जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानं. तो पुढे येत असताना त्याच्यावरून जो प्रकाश परत फिरतो, तो दाबला जातो. तीच आपली झळक.

"म्हणजे भिंतीला पाय मारून वळतो तसं," मासा म्हणाला.

"हो, पण इथे भिंतच तुझ्या अंगावर धावून येते."

"मग पोहणाऱ्याचं काही खरं नाही." हसला. मग म्हणाला, "आणि त्या काचेचं काय होतं?"

"खड्डा पडतो. एक जागा एकदाच वापरायची. मग पट्टी जराशी सरकवायची, की कोरी जागा, नवा झोत."

"बिचारी काच," म्हणाला. आता काय बोलावं या माणसाला!

११ मार्च

उजेड नाही. पट्टीवर खड्डे पडतायत, कॅमेऱ्यावर नुसता पांढरट धुरळा. हवे आहेत ते उभे पट्टे, कंगव्याच्या दातांसारखे वेगवेगळे. ते दिसले म्हणजे झळका तयार झाल्या असं समजायचं. दिसतोय तो डाग. सांडलेल्या दुधासारखा.

घरी आले तर माशानं माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "आज परत कपात?"

त्याचं असं आहे. लेझरच्या खोलीत अंगावर काही चकचकीत चालत नाही. झोत एखाद्या अंगठीवर आपटून कुणाच्या डोळ्यात गेला तर डोळा गेलाच. म्हणून दाराबाहेर फळीवर एक बिनकानाचा कप ठेवलाय. घड्याळ, अंगठी, सगळं त्यात काढायचं आणि मग आत जायचं. बाहेर येताना घड्याळ मी उचलते, कारण किती वाजले ते बघायचं असतं. अंगठी राहते. दमलेलं असतं माणूस.

"कपात सुरक्षित आहे रे ती," म्हटलं.

"कपाचं लग्न लावून टाकू तिच्याशी," म्हणाला. वात्रट आहे. पुष्कळ हसलो.

१२ मार्च

आज डोकंच फिरलं माझं. आम्ही पट्टी बदलून, चेंबर परत बंद करून, अर्धा दिवस पंप लावून बसलो होतो. पहिला झोत सोडायचा, दारावरचा लाल दिवा लागलेला, गप्पू उलटे आकडे मोजतोय, आणि दार उघडलं. दारात मासा. हातात जेवणाचा डबा.

दार उघडलं की लेझर आपोआप बंद पडतो. सुरक्षेसाठीच तशी सोय आहे. पुन्हा तापून स्थिर व्हायला सकाळचं सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नेमके त्याच वेळी आमचे प्रमुखही आत उभे होते. मी सगळ्यांदेखत ओरडले, "लाल दिवा दिसत नाही का तुला? वाट्टेल तेव्हा उघडायला ही घराची खिडकी आहे?"

तो म्हणाला, "डबा विसरली होतीस." फळीवर डबा ठेवला आणि गेला.

मी काही चुकीचं बोलले नाही. दिवा लाल होता. पण डबा उघडला तर माझ्या आवडीचं सगळं होतं, आणि गप्पूसाठीही वेगळा भाग बांधून दिलेला. गप्पूनं खाल्ला आणि चौथं वाक्य बोलला: "छान होतं." मी मेलीनं माझा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी मी काही बोलायच्या आधीच मासा म्हणाला, "आता कळलं मला. दिवा लाल असला की दाराला हात लावायचा नाही." शिकला म्हणायचा. विषय मिटला.

१६ मार्च

घोडं कुठे अडलंय ते आज सापडलं. म्हणजे काय ते सापडलं, का ते नाही.

मुख्य झोताच्या जरासा आधी एक फिकट उजेड काचेवर पोचतोय. मुख्य झोताच्या मानानं तो अगदीच क्षुल्लक, नगण्य. पण आमचा मुख्य झोतच इतका दांडगा आहे, की त्याचा नगण्य अंशसुद्धा काच वितळवायला पुरतो. मग खरा झोत येतो तेव्हा तिथे गुळगुळीत आरसा नसतोच, नुसती वाफ पसरलेली असते. वाफेवरून कसली झळक परत फिरणार? आधीच सगळं बिघडून गेलेलं असतं, आणि आम्ही मोठ्या झोताकडे बघत बसतो.

हा आगाऊ उजेड येतो कुठून ते कळत नाही. वाटेतल्या कुठल्यातरी भिंगावरून, काचेवरून परावर्तन होत असेल म्हणावं, तर परावर्तन लांबच्या वाटेनं येतं. ते उशिरा पोचायला हवं. हे आधी पोचतंय. म्हणजे मूळ झोताच्या आधी त्याची सावली! 

संध्याकाळी आईचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणते, "जावईबापू बरे आहेत ना गं?"

"त्याला काय धाड भरलीय?"

"नाही, परवा फोनवर आवाज उतरलेला वाटला. आणि माझ्याशी तासभर बोलले. मी म्हटलं, यांना बोलायला दुसरं कुणी नाही की काय?"

"आई, तुझं आपलं काहीतरीच," म्हटलं. बायको म्हणून मला कळणार नाही का त्याचा आवाज उतरला तर?

१७ मार्च

रविवार. वापरून झालेली एक पट्टी घरी आणली. माशानं ती उजेडात धरली. पांढऱ्या बारीक टिंबांच्या रांगाच रांगा, खसखस ओळीनं मांडावी तशा. एवढे झोत वाया गेले, माझ्या डोळ्यांपुढे तेच. त्याला मात्र फार आवडली. खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली. "तुझ्या हातचं काहीतरी घरात असू दे," म्हणाला.

मग म्हणाला, "चल आज, तलावावर जाऊ. रविवारी सगळ्यांना खुला असतो. तुला शिकवतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पोहणाऱ्याची बायको मी, पण मला पाण्यात उभंसुद्धा राहता येत नाही. सगळे हसतात.

मी म्हटलं, "आत्ता नको रे, डोक्यात ती आधीची सावली बसलीय. उजेड मिळाला की जाऊ."

"काही अवघड नसतं," म्हणाला. "मी पोरांना पहिल्यांदा नुसतं तरंगायला लावतो. पाठीखाली हात धरायचा. पोर घाबरलेलं असतं, सारखं विचारतं, हात आहे ना? हात आहे ना? आहे म्हणायचं. मग हळूच काढायचा. पोराला कळू द्यायचं नाही. ते तसंच तरंगत राहतं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळ."

"लबाड आहात सगळे," मी म्हटलं.

तो हसला आणि एकटाच तलावावर गेला. ओला टॉवेल बाल्कनीत वाळत टाकताना म्हणाला, तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, पण पाणी चांगलं आहे.

२३ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

आणि कुठे, तर घरात. संध्याकाळचं जेवण झालं होतं, आम्ही दोघं खिडकीपाशी. बाहेर अंधार पडत आलेला, आत दिवा. आमच्या खिडक्यांना थंडीसाठी दुहेरी काच आहे. मासा समोर बसून म्हणाला, "ऐक ना. तुला एक सांगायचंय. मॅनेजरला उत्तर द्यायचंय या आठवड्यात, तर मी असा विचार करतोय…" आणि मी त्याच्याकडे बघत होते, म्हणजे खिडकीत पडलेल्या त्याच्या प्रतिबिंबाकडे. तिथे दोन मासे होते. एक ठसठशीत आणि त्याच्या किंचित बाजूला एक फिकट.

दोन समांतर पृष्ठभाग! प्रकाश आत शिरतो, थोडा आतल्या आत आपटतो आणि मागून एक फिकट पिल्लू बाहेर पडतं. आमच्या लेझरमध्येही एक अशीच सपाट काच आहे, दोन्ही बाजू तंतोतंत समांतर. तिचं पिल्लू मागून येतं, म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. मागून आलेल्याला काय करायचंय, तोवर काम झालेलं असतं! पण आमच्या झोताची ताकद वाढवायच्या आधी तो ताणून लांब करतात, मग शेवटी परत दाबतात. ताणलेला असताना झोत आणि पिल्लू एकमेकांवर पडतात, ताकद वाढवणाऱ्या स्फटिकात त्यांची सरमिसळ होते, आणि शेवटी दाबल्यावर जे मागे होतं त्याचा एक जुळा पुढेही निघतो. तेवढ्याच अंतरावर! म्हणून तो आधी पोचतो!

मी उठलेच. "थांब, थांब, एक मिनिट," म्हणून गप्पूला फोन लावला. गप्पू अख्खी चार वाक्यं बोलला, त्याच्या दृष्टीनं ते भाषणच. कागद काढून हिशोब केला. अंतर जुळलं, अगदी त्या काचेच्या जाडीवरून निघतं तेवढं.

फोन ठेवून बाहेर आले तर माशानं भांडी घासून ठेवली होती. मी त्याला धरून गोल गोल फिरवलं. म्हटलं, "तुझ्यामुळे! तुझ्या तोंडामुळे सापडलं!"

तो म्हणाला, "माझं तोंड कामाला आलं म्हणजे."

"काय सांगत होतास तू?"

"काही नाही. नंतर बोलू. तुझं होऊ दे."

किती समजूतदार आहे. दुसरा असता तर फुगून बसला असता. अंगठी गेले कित्येक दिवस कपातच आहे, पण त्याबद्दलही तो हल्ली काही म्हणत नाही. सवय झाली असेल.

२८ मार्च

प्रमुखांच्या मागे लागून पाचरीसारखी काच मिळवली. तिचे दोन पृष्ठभाग समांतर नसतात, जरासे कलते असतात. त्यामुळे आपटून येणारं पिल्लू भलत्या दिशेला जातं, झोताबरोबर राहत नाही. जुनी काढली, ही बसवली. मग सगळे आरसे पुन्हा जुळवणं आलं. पाठीचा काटा ढिला झाला.

आगाऊ उजेड मोजला. गेला! पार गेला. आता फक्त कोरी पट्टी घालायची, चेंबर बंद करायचं, पंप लावायचा. परवा झोत.

घरी मासा आवराआवर करतोय. कपाट उघडं, त्याचे कपडे धुऊन इस्त्री करून घड्या घातलेले, शिट्टीसुद्धा घासून पुसून ठेवलीय. बरं वाटलं. मध्यंतरी जरा आळसावला होता, आता हुरूप आलेला दिसतोय. डाळ-तांदळाच्या डब्यांवर त्यानं चिठ्ठ्या चिकटवल्यात, कशात काय ते. म्हटलं, "हे कशाला? तुला माहीत असतं की सगळं." म्हणाला, "तुला सापडत नाही ना."

३० मार्च

बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. घाईघाईत, अक्षर वाचता येणार नाही.

पट्टे आले. एकामागोमाग एक, स्वच्छ, वेगळे, जितके मोजावेत तितके. पहिल्या झोताला मी ओरडले. दुसऱ्याला गप्पू ओरडला. गप्पू! त्याचा घसा बसला, सवय नाही ना. मग आम्ही थांबलोच नाही. पट्टी सरकव, झोत, पट्टी सरकव, झोत. जेवायला गेलो नाही, पाणी प्यायलो नाही. दिवा सबंध वेळ लाल. एक क्षण तो काचेतला आरसा असतो, त्या क्षणात आपण हवं ते करून घेतो, आणि मग तो नसतो. तरी प्रत्येक खेपेला पट्टे येत होते.

सकाळी निघताना माशानं विचारलं होतं, "आज दुपारी मी बघायला येऊ?" मी म्हटलं होतं, "ये की, पण दिवा लाल असला तर बाहेर बस." आलेलाच दिसतोय! कारण आत्ता बाहेर येऊन कपात हात घातला, तर माझ्या अंगठीबरोबर आणखी एक. त्याची. आत यायचं म्हणून शहाण्यासारखी काढून ठेवली, आणि कंटाळून जाताना विसरून गेला. रोज मला चिडवायचा, आता बघते त्याच्याकडे. "आज तुझी कपात!" असं म्हणून हातावरच ठेवणार आहे.

दोन्ही अंगठ्या घातल्यात. त्याची अंगठ्यात बसते. पळते आता. उजेड आला, मासा थांबला, याहून जास्त एका दिवसात काय हवं माणसाला!

१ एप्रिल

परवा रात्री घरात शिरले तर दिवे बंद. हाक मारली. मग दिवे लावले.

कपाटाचा त्याचा कप्पा रिकामा. दारामागच्या खुंटीवर टॉवेल नाही. शिट्टी नाही. खिडकीच्या कट्ट्यावरची ती ठिपक्यांची पट्टीही नाही. ती नेली त्यानं. थर्मासमध्ये चहा होता. अजून गरम.

मी तो चहा प्यायले, उभ्यानंच. एकही चिठ्ठी नव्हती, डब्यांवरच्या सोडून. तांदूळ. तूरडाळ. मीठ.

फोन लावला, लागला नाही. गाडीत असेल. मी खुर्चीत बसले आणि मला ते तलावावरचं आठवलं, पाठीखालच्या हाताचं. कधी काढला? ज्या दिवशी मी सगळ्यांदेखत ओरडले तेव्हा? का खिडकीत दोन मासे दिसले तेव्हा? मला कसं कळलं नाही? मी इतके दिवस तरंगतेय आणि मला वाटतंय खाली हात आहे.

आज प्रमुखांनी सगळ्यांना बोलावून माझं कौतुक केलं. चेंबर आणखी काही महिने आमच्याकडेच राहणार आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले वाटतं. घरी येऊन खूप रडले.

५ एप्रिल

बोललो. मागे पोरांचा गलका, पाण्याचे आवाज. त्याचा आवाज त्याच्या जागी परत गेल्यासारखा वाटला. तो ऐकल्यावर मला कळलं, आईला काय उतरलेलं वाटलं होतं ते.

मी म्हटलं, "दार का नाही वाजवलंस?"

"दिवा लाल होता."

"म्हणून काय झालं? असं न सांगता निघून जायचं?"

"सांगायलाच आलो होतो. गाडीची वेळ होईपर्यंत बसलो बाकावर. आतून तुझं ओरडणं ऐकू आलं. म्हटलं, आला वाटतं. मग दार उघडून तुझा उजेड घालवू?"

मला राग आला, खरंच आला. म्हटलं, "तूच म्हणाला होतास ना, उजेड दिसू दे, मग बघू! उजेडासाठी थांबला होतास ना तू?"

"मी कशाला उजेडासाठी थांबू? मला त्यातलं काय कळतं? तू एकदा तरी थांब म्हणतेस का, ते बघत होतो."

फोन ठेवल्यावर मी सगळी वही चाळून बघितली. कुठेच म्हटलेलं नाही. थांब म्हटलंय, एकदाच. एक मिनिट थांब, गप्पूला फोन करायचाय.

त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "अंगठी विसरलास तू."

"विसरलो नाही."

"मग?"

"आत बोलावलंस तर लगेच येता यावं म्हणून काढून ठेवली होती. निघताना घ्यायला गेलो, तर कपात खाली तुझी होती. म्हटलं, असू दे. एकटीच असते ती तिथे."

 कुणीतरी त्याला हाक मारली, तो गेला.

१४ एप्रिल

कामावर जाते. पट्टे येतात. पट्ट्यांवरून झळकेची लांबी काढायचं आता सुरू झालंय, गप्पू त्यात हुशार आहे. सकाळी दोन अंगठ्या कपात टाकते, संध्याकाळी दोन्ही आठवणीनं घालते. गप्पूनं एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल त्याला शंभर गुण.

घरी आल्यावर बोलायला कुणी नसतं. पूर्वी मला वाटायचं, प्रयोगशाळेत आपण एकट्या असतो. त्या घरात सबंध हिवाळा कुणीतरी तसंच बसलेलं होतं, खिडकीत, आणि मी लिहून ठेवलंय, मजेत आहे. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

आज रविवार, तलाव खुला होता. गेले. उथळ भागात कमरेइतक्या पाण्यात बराच वेळ नुसती उभी राहिले. मग आडवं व्हायला गेले आणि दगडासारखी खाली. आजूबाजूच्या पोरांनी बघून घेतलं. बाहेर आले, टॉवेल गुंडाळून तिथूनच त्याला फोन केला.

"मासा, बुडाले."

तो हसला. पहिल्यांदाच, गेल्यापासून. "मान वर धरली असशील. पायांकडे बघायचं नाही. श्वास भरून घ्यायचा आणि डोकं मागे टाकायचं. तुला घाई फार."

"मासा, तू परत ये. प्रयोगबियोग काही नाही, उजेड आला की वगैरे काही नाही. मला तू इथे हवायस. घर खायला उठतं."

मागे शिट्टी वाजली. त्याचीच असेल, दुसऱ्या कुणाच्या हातात. मग म्हणाला, "आत्ता हातात पोरं आहेत. निम्म्यांना अजून तरंगतासुद्धा येत नाही. मधेच नाही सोडता यायची."

"मधेच सोड म्हणतच नाही. वर्ग संपल्यावर."

"तेव्हा परत विचार."

"म्हणजे येशील?"

"म्हणजे विचार," म्हणाला.

विचारणार आहे. रोज विचारायची माझी तयारी आहे, पण तो म्हणाला तेव्हा, तर तेव्हा.

फोन ठेवून पुन्हा पाण्यात उतरले. श्वास भरला, डोकं मागे टाकलं आणि आडवी झाले. पाठीखाली कुणाचा हात नाही, हे या खेपेला मला माहीत होतं. तरी दोन-चार श्वास तरंगले असेन. मग नाकात पाणी गेलं आणि मी भिंत धरून खोकत उभी राहिले.